सगळ्यांच्या हातचा ब्रेड

काही पदार्थांना मालक असतो. आमच्या घरी पुरणपोळी आईची. होळीला कटाच्या आमटीचा वास घरभर सुटला की आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायचो, पण ओट्यापर्यंत जायची कोणाची प्राज्ञा नव्हती. पुरणात पळी उभी राहिली की ते झालं, हे तीच बघणार. कणीक किती सैल भिजवायची, तिला तेल किती पाजायचं, लाटताना पुरण कडेपर्यंत कसं न्यायचं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. आमच्या वाट्याला यायचं ते पाट-पाणी घेणं आणि तुपाची वाटी फिरवणं. शेवटची पोळी तव्यावरून उतरायची तेव्हा आमची जेवणं उरकून हातसुद्धा वाळलेले असायचे. मग ती एकटी बसायची.

अनारशांचं तेच, भाजणीच्या चकलीचं तेच. हे पदार्थ अवघड आहेत आणि ते ज्यांना साधतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण अवघड पदार्थ हात निवडून घेतो. एका हाताला तो वश होतो आणि बाकीच्यांना बाहेर ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांतून बायका एकट्या राबल्या, त्याला कारणं पुष्कळ आहेत. त्यातलं एक मला हेही वाटतं की सणाला जे जे करायचं ते सगळं अवघडच असायला हवं, असं आपण ठरवून टाकलं होतं.

म्हणून मला सफरचंदाच्या ब्रेडबद्दल लिहायचं आहे. हा यीस्टचा, तिंबायचा, फुगत ठेवायचा ब्रेड नव्हे. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्या भांड्यात, दोन्ही एकत्र करून वर फळाच्या फोडी टाकायच्या, लांबट डब्यात ओतायचं आणि भाजायला ठेवायचं. इतकंच. आमच्या घरात तो कोणाच्या हातचा, असं विचारलं तर सांगता येणार नाही.

तो आमच्याकडे आला बाबांच्या आजारपणात. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदं न्यायची रीत आहे. येणारा प्रत्येकजण किलोभर घेऊन येतो, पिशवी कॉटशेजारी टेकवतो आणि ‘काय म्हणते तब्येत?’ म्हणून बसतो. बाबा दवाखान्यातून आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्यापाठोपाठ ही सगळी सफरचंदंही आली. फ्रिज भरला, टोपली भरली, तांदळाच्या डब्यावर परात ठेवून तीही भरली. बाबांना फळ बघवेना. ‘जन्मात इतकी सफरचंदं कोणी माझ्यापुढे ठेवली नव्हती,’ ते म्हणाले. आठवड्याभरात सालं सुरकुतायला लागली. दाबलं की आत भुसभुशीत लागायचं. असं पिठूळ झालेलं सफरचंद कोणी नुसतं खात नाही आणि फेकायलाही जीव होत नाही.

ब्रेडची कल्पना लेकीची. बाबांच्या हाती सुरी देण्याची कल्पनाही तिचीच. तिला फोडी करायचा कंटाळा होता आणि समोर आजोबा रिकामे बसलेले दिसत होते. तिने पाट, सुरी आणि सोललेली सफरचंदं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, ‘आजोबा, एवढं चिरून द्या ना.’ आई पुढे झाली होती. मी तिला डोळ्यांनीच थांबवलं. बाबांनी आयुष्यभर जमीन मोजणीचं काम केलं. साखळी, फळी, नकाशे यांत त्यांची हयात गेली. स्वयंपाकघरात मात्र ते पाण्याचा तांब्या भरून घेण्यापलीकडे कधी शिरले नव्हते. त्यांनी चष्मा लावला. एक सफरचंद उभं चिरलं, मधला बियांचा भाग काढला, अर्धुक पालथं घातलं आणि आधी उभ्या, मग आडव्या अशा समांतर रेघा ओढल्यासारखी सुरी चालवली. पहिल्या फोडी झाल्यावर त्यांनी एक उचलून बोटांत धरली, दुसरीशी ताडून पाहिली आणि मग त्याच मापाने पुढचं सगळं कापत गेले. बोटाच्या पेराएवढा चौकोन, एकसारखा एक. आई कडेला उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, ‘अहो, जरा बारीक चालेल.’ बाबा म्हणाले, ‘मग आधी सांगायचं. आता माप ठरलं.’

फोडी पडतात तशा तपकिरी होत जातात. चिरल्यावर फळातलं एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या संगतीने हे काम करतं. लिंबाचे चार थेंब टाकले की ते थंडावतं. लेकीने लिंबू पिळलं. तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. धुताना सफरचंद बुडत नाही, वर येतं. त्याच्या आकारमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसती हवा असते. म्हणूनच भाजताना फोड आक्रसते, तिच्यातलं पाणी भोवतीच्या पिठात उतरतं आणि कापलेल्या ब्रेडमध्ये फोडीभोवती एक छोटा ओलसर खळगा दिसतो. मला त्या ब्रेडमध्ये सगळ्यांत आवडतो तो हा खळगा. तिथे साखर आणि फळाचा रस मिळून दाट झालेला असतो, आणि सुरी तिथून गेली की तिच्या पात्यावर चकाकता ओरखडा राहतो.

हे फळ आपल्या घरात इतकं रुळलंय की ते लांबून आलंय हे लक्षातच येत नाही. सफरचंदाचा रानटी पूर्वज मध्य आशियातल्या तिएनशान पर्वताच्या उतारांवर, आजच्या कझाकस्तानात सापडतो. काश्मीरमध्ये अंबरीसारखी जुनी देशी जात होती, आहे. पण हातगाडीवर मिळणारं लालबुंद, खालून निमुळतं फळ आपल्याकडे पोचलं ते एका अमेरिकन माणसामुळे. सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स १८८२ साली फिलाडेल्फियाच्या सधन घरात जन्मला आणि १९०४ मध्ये सिमल्याजवळच्या सबाथूला कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी आला. पुढे तो कोटगढच्या डोंगरात राहिला, तिथल्याच मुलीशी लग्न करून तिथलाच झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने अमेरिकेतून डिलिशियस जातीची कलमं आणून लावली. गव्हा-बटाट्यावर कसंबसं भागवणाऱ्या त्या डोंगराचं अर्थकारण या झाडाने पालटलं. स्वातंत्र्यचळवळीत तो तुरुंगात गेला, १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाला आणि १९४६ मध्ये, स्वातंत्र्य तोंडावर असताना वारला. मला या माणसाची गोष्ट फार जवळची वाटते. तो शिकवायला, सेवा करायला आला, आणि त्याने मागे ठेवलं ते गावातल्या कोणालाही लावता, जोपासता, विकता येईल असं झाड.

महाराष्ट्रात सफरचंद पिकत नसे, कारण या झाडाला हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते. काही जातींना हजार तासही. तेही आता थोडं बदललं आहे. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात निवडून वाढवली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ती लावली आहे. शर्मांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ती बातमी बाबांनी कापून ठेवली.

आता ब्रेडकडे येऊ. यीस्ट हा जीव आहे. त्याला ऊब लागते, वेळ लागतो, मर्जी सांभाळावी लागते. गोव्यात पोदेर पहाटे सायकलवरून पाव घेऊन येतो, त्यामागे रात्रभराची मेहनत, मोठी भट्टी आणि तरबेज हात असतात. म्हणूनच पाव ही आपल्याकडे विकत घ्यायची वस्तू राहिली. सोप्या ब्रेडची वाट वेगळ्या दिशेने आली. अमेरिकेत १७९६ साली छापलेल्या अमेलिया सिमन्सच्या पाकपुस्तकात लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार पिठात घालायला सांगितला आहे. पापडात खार घालणाऱ्या आपल्या आज्यांना त्यात काही नवल वाटलं नसतं. पुढे १८४३ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडर केली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. अंडीही सोसत नसत, म्हणून त्याआधीच त्याने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर करून ठेवली होती. पुढे या दोन्ही गोष्टींचा मोठा धंदा झाला, पण सुरुवात घरातल्या एका माणसाला सगळ्यांबरोबर ताटावर बसता यावं, एवढ्यासाठी झाली होती. बेकिंग पावडरचा डबा उघडताना मला हे हटकून आठवतं.

आमच्या ब्रेडमध्ये अंडं नाही, तेही घरातल्या एका माणसासाठीच. आई अंडं खात नाही. त्याऐवजी दही येतं. दह्यातल्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की बुडबुडे सुटतात आणि तेच पीठ वर उचलतात. हे बुडबुडे ताबडतोब सुटायला लागतात, त्यामुळे कालवलेलं पीठ ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही. बेकिंग पावडर उष्णता लागल्यावर पुन्हा एकदा जोर करते. म्हणून थोडी तीही घालायची.

प्रमाण सांगते. एक वाटी कणीक, एक वाटी मैदा, पाऊण वाटी साखर किंवा तितकाच किसलेला गूळ, पाऊण वाटी घट्ट दही, अर्धी वाटी तेल, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चमचाभर दालचिनीची पूड, जायफळ आवडीप्रमाणे, चिमूटभर मीठ, दोन मध्यम सफरचंदं आणि मूठभर अक्रोड. वाटी म्हणजे मापाचा कप आणि चमचा लहान, मापातलाच. सफरचंदांपैकी एक किसायचं, एकाच्या फोडी. किसलेलं पिठात मुरून ओल देतं, फोडी दाताखाली येतात. फोडी चमचाभर कोरड्या पिठात घोळवून घेतल्या तर तळाला बसत नाहीत. पीठ भज्याच्या पिठाहून दाट हवं; फार घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळायची: कालवताना फेटायचं नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. जास्त ढवळलं की गव्हातला चिकटपणा जागा होतो आणि ब्रेड चिवट होतो. पोळीच्या कणकेला आपण मळून मळून जे आणतो, ते इथे येऊ द्यायचं नाही. आईला हे पटायला वेळ लागला. तिचा हात मळायला शिवशिवत असतो.

खरं म्हणजे फळाची ओल पिठात मुरवून भाजायचं हे तंत्र तिला परकं नव्हतं. तिच्या माहेरी, कोकणात, पावसाळ्यानंतर वेलावर मोठी तवसं जून व्हायची. ती किसून, तांदळाचा रवा भाजून, गूळ आणि ओलं खोबरं घालून धोंडस लावायचे. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण, खाली मंद विस्तव, वर झाकणीवर करवंट्यांचे निखारे. वरून-खालून धग हवी हे त्या बायकांना ओव्हन न बघताच माहीत होतं. वरचा थर खरपूस तांबूस झाला की निखारे उतरवायचे, आणि गरम तुकड्यावर लोणी. सफरचंदाचा ब्रेड पहिल्यांदा कापला तेव्हा आई त्याच्या कडेचा तुकडा चावून म्हणाली, ‘ही धोंडसाची बहीण.’ ही दाद मला फार मोलाची वाटते.

माझ्या लहानपणी मात्र भाजण्याची आच घराबाहेरच होती. दिवाळीआधी आणि मेच्या सुट्टीत मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा असं सामान डब्यात भरून बेकरीत नेऊन द्यायचं आणि नानकटाई पाडून आणायची. आम्हा मुलांना बरोबर पाठवायचे ते राखणीला, आपल्या पत्र्यांवरच्या नानकटाया दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नयेत म्हणून. पीठ आपलं, विस्तव बेकरीवाल्याचा. लांब दांड्याच्या फळीने तो पत्रे आत सारायचा आणि काळोख्या भट्टीच्या तोंडातून लालसर उजेड त्याच्या हातांवर पडायचा. मग घरोघरी ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची टिकली असलेला. ज्यांच्याकडे तो नव्हता ते कुकरच्या तळाला वाळू किंवा मीठ पसरून त्यावर केक करू लागले. ती रीत आजही उत्तम चालते: तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, शिटी आणि रबर काढून ठेवायचं, दहा मिनिटं कुकर तापवायचा, मग डबा आत ठेवून मंद आचेवर तासभर. ओव्हन असेल तर १७५ अंश सेल्सियसला पन्नास मिनिटं ते एक तास. मधोमध सुई खुपसून ती कोरडी आली की झालं. आमच्याकडे त्यासाठी आईची विणकामाची सुई आहे आणि ती खुपसायचा मान लेकीचा.

या ब्रेडच्या निमित्ताने आमच्याकडे कामं अशी आपोआप वाटली गेली. बाबा फोडी करतात. आई डब्याला तूप लावते आणि त्यावर पीठ भुरभुरते, कोपरे न विसरता. कोपऱ्यात चिकटलेला ब्रेड तिला खपत नाही. लेक कोरडं चाळते, मी ओलं कालवते, नवरा अक्रोड फोडतो आणि निम्मे खातो. कोणी शिकवत नाही, कारण शिकवण्यासारखं फार नाहीच. चुकलं तरी बिघडत नाही. दही थोडं कमी पडलं, फोडी मोठ्या झाल्या, दालचिनीऐवजी वेलची घातली, सगळं चालतं. ही मोकळीक पदार्थाच्या सोपेपणातूनच येते. घरातल्या ज्या माणसाला ‘मला नाही जमायचं’ म्हणायची सवय लागलेली असते, त्याच्यासाठी तर ती औषध आहे. बाबांचे हात आजारानंतर थरथरायचे. सुरी धरली की थरथर थांबायची असं मी म्हणणार नाही; ती थांबत नव्हती. पण त्या थरथरीसकट ते फोडी करत राहिले, आणि हळूहळू आमची त्यांच्याकडे बघायची नजर बदलली. घरात त्यांची काळजी घेणारे आम्ही सगळे होतो. त्यांच्याकडून काहीतरी हवं असणारी एकटी लेक होती, आणि त्यांना त्याचीच गरज जास्त होती.

भाजतानाचा तास हा त्यातला सगळ्यांत चांगला. करण्यासारखं काही उरलेलं नसतं. मागचं आवरून झालेलं असतं. अर्ध्या तासाने दालचिनीचा वास पहिल्यांदा येतो, मग साखर करपायच्या अलीकडे पोचल्याचा, आणि त्या वासाला माणसं आपापल्या खोल्यांतून बाहेर येतात. बाबा त्या वेळी मोजणीच्या गोष्टी सांगतात. बांधावरून भांडणारे भाऊ, नकाशात नसलेली विहीर, भर उन्हात शिदोरी वाटून घेणारे शिपाई. आम्ही त्यांच्या नोकरीबद्दल याआधी कधी विचारलंच नव्हतं, आणि तेही आपणहून बोलले नव्हते. जेवणाच्या ताटावर आमच्याकडे कोणी फार बोलत नसे.

ब्रेड बाहेर काढल्यावर लगेच कापू नये. आत अजून वाफ असते आणि पीठ बसलेलं नसतं. सुरी लावली की चुरा होतो. निदान अर्धा तास थांबावं. खरं तर तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, ओल सगळीकडे सारखी मुरते. पण आमच्याकडे तो दुसरा दिवस क्वचितच बघतो. कापायच्या वेळी सगळे टेबलापाशी असतात. कोणी वाढायला उभं राहत नाही, कोणासाठी गरम तव्यावरून काही उतरायचं नसतं. आई इतरांच्या बरोबरीने खुर्चीवर बसून कडेचा तुकडा मागून घेते. तिला कडेचा आवडतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण ती काय मागते हे ऐकायची वेळच आजवर आली नव्हती.

पुरणपोळी आईचीच आहे आणि ती तशीच राहावी. ती शिकायला मी तिच्याजवळ बसते, आणि ते शिकणं लांबचं आहे. मात्र घरात निदान एक पदार्थ असा असावा जो कोणाचाच नाही. तो सफरचंदाचाच असला पाहिजे असं नाही. केळ्याचा असेल, लाल भोपळ्याचा असेल, कोकणातलं घर असेल तर धोंडस असेल.

हिमाचलची सफरचंदं जुलैच्या अखेरीला बाजारात यायला लागतात, काश्मीरची सप्टेंबरात, आणि तेव्हा भावही उतरतो. त्या दिवसांत एकदा हा ब्रेड करून बघा. नुसती खायची असतील तर टणक फळं निवडा. ब्रेडसाठी सुरकुतलेली, पिठूळ चालतील. आणि फोडी करायचं काम घरातल्या अशा माणसाला द्या, ज्याला आजवर कोणी सुरी दिलेली नाही.